पांढऱ्या पायाचा गोऱ्हा

आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. शाळा चौथीत सुटली. वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून अंदाजानेच द्यावं लागतं. घरात हे वाचणारं कुणी नाही. मुलगी मराठी बोलते, पण तिला वाचता येत नाही. जावई इंग्रज, व्याही इंग्रज. म्हणून तर लिहायचं धाडस होतंय. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागद निदान मध्येच थांबवून 'काय म्हणालात?' असं विचारत नाही.

लिहायचं आहे ते जावयाच्या गाईंबद्दल. चांगल्या गाई होत्या. ज्याने बघितल्या त्याने चांगल्याच म्हटल्या. तरी त्या कुणाला नको झाल्या. असं का व्हावं, हे मी कपडे वाळत घालताना, भांडी विसळताना सारखं मनात घोळवते. उत्तर मिळतं ते दर वेळी वेगळं असतं.

आम्ही वेम्बलीला राहायचो. आमचे हे फरसाणाच्या दुकानात कढईपाशी असायचे आणि मी घरी चपात्या लाटून द्यायची. एकच मुलगी. ती जनावरांची डॉक्टर व्हायला नॉटिंगहॅमला गेली. शिकताना ज्या फार्मवर तिला कामाला पाठवलं, त्याच फार्मच्या मुलाशी तिने लग्न केलं. हे हसून म्हणाले, "शेण काढायला लागू नये म्हणून आपण गाव सोडलं, आणि ही डॉक्टर होऊन शेणात गेली." पण जावई त्यांना आवडला. दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नसे, तरी दोघं कुंपणाला टेकून तास न् तास गाई बघत उभे राहायचे.

हे गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तू तिकडे एकटी राहून काय करणार? कम अँड लिव्ह विथ अस." मी आले. डोंगरातलं दगडी घर. वारा एवढा की पदर खोचल्याशिवाय अंगणात पाऊल टाकता येत नाही. घरात मुलगी, जावई आणि व्याही. व्याही मला पहिल्या दिवसापासून 'डक' म्हणायचे. मी घाबरून मुलीला विचारलं. ती म्हणाली, "म्हणजे बदक. इथे सगळ्यांना लाडाने म्हणतात." आमच्याकडे कुठल्या व्याह्याने विहिणीला बदक म्हटलं असतं तर लग्न मोडलं असतं. पुढे मला ते आवडायला लागलं.

गाई गुळाच्या ढेपेच्या रंगाच्या होत्या. पाय आखूड, पोट भरलेलं, डोळे शांत. या जातीची जनावरं आता देशात फार थोडी उरली होती. बर्फातही त्या बाहेर राहायच्या. दुसऱ्या गाई ज्या गवताला तोंड लावत नसत, ते ह्या खायच्या. व्यायच्या तर इतक्या सहज, की सकाळी जावं तर वासरू उभं राहून दूध पीत असायचं. मुलगी म्हणायची, "सगळ्यांनी अशी गाय ठेवली ना, तर माझा जॉबच जाईल."

जावयाच्या डोक्यात एकच होतं, की ही जात पुन्हा गावोगावी दिसली पाहिजे. एक म्हातारा फार्मवाला आपल्या सगळ्या गाई काढून टाकत होता. त्या आपण घेतल्या नाहीत तर कापल्या जातील, म्हणून जावई झुरत होता. आमच्या ह्यांनी साठवलेले पैसे माझ्या नावावर होते. मी मुलीला म्हटलं, "त्याला दे." जावई ऐकेना. त्याने मुलीकडून एक शब्द शिकून घेतला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आई, उसने." मी मान डोलावली. मनात म्हटलं, उसने कसले, तुमचेच आहेत.

एक गोष्ट लिहायला जड जाते. त्या गाई दुधाच्या नव्हत्या. मांसाच्या होत्या. मी ते मांस खाल्लेलं नाही आणि खाणार नाही, पण आमच्या ह्यांचे पैसे त्यातच गेले होते हे मला ठाऊक होतं. वेम्बलीच्या देवळात गेले की बायका विचारायच्या, "जावयाची डेअरी आहे ना?" मी हो म्हणायची. वसुबारसेला मी एका गाईच्या पायांवर पाणी घालायची, हळदकुंकू वाहायची. जावई तिला धरून उभा राहायचा, टोपी काढून. तिच्या मागे उभं असलेलं वासरू एक दिवस कुठे जाणार ते त्याला माहीत असायचं आणि मलाही. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत नसू. मुलगी एकदा म्हणाली, "आई, ती खाल्ली गेली नाही तर कुणी तिला ठेवणारच नाही. मग ती जातच संपेल." हे मला पटलं. पटलं तरी घशाखाली उतरलं नाही.

मी पहिल्यांदा जनावरांच्या बाजाराला गेले तेव्हा मला कळायला लागलं की अडतं कुठे. मध्ये लोखंडी कठड्याचं गोल रिंगण, भोवती सर्कशीसारख्या पायऱ्या, आणि वर बसलेला माणूस श्वास न घेता बोली पुकारत असतो. आधी कुणाची तरी काळी वासरं आली. हात भराभर वर गेले. मग आमची आली. वयाने तेवढीच, वजनाने तेवढीच. हात वर जाईनात. एक जाडगेला व्यापारी कठड्यावरून वाकून जावयाला म्हणाला, "दिसायला सुरेख आहेत रे. पण ही आहेत काय?"

जावयाने जातीचं नाव सांगितलं. किती सहज जन्मतात, काय खातात, चव कशी, सगळं सांगायला लागला.

"थांब थांब," व्यापारी म्हणाला. "मी ज्याला विकणार त्याला हे सगळं मी सांगत बसू का? जे समजावून द्यावं लागतं ते विकलं जात नाही, पोरा."

शेवटी बोली लागली ती काळ्यांच्या खूप खाली. मला राहवलं नाही. मी मुलीच्या कानात म्हटलं, "आमच्याकडे मुलगी काळी असली की हुंडा जास्त लागायचा. इथे काळ्यालाच भाव आहे होय!" तिने ते मोठ्याने इंग्रजीत सांगून टाकलं. पायऱ्यांवरची माणसं हसली, तो व्यापारीसुद्धा हसला आणि त्याने मला टोपी उचलून सलाम केला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येताना व्याह्यांनी समजावून सांगितलं. दुकानातल्या पाकिटांवर त्या काळ्या जातीचं नाव छापलेलं असतं. गिऱ्हाईकाला ते नाव ओळखीचं, म्हणून ते घेतं. गिऱ्हाईक घेतं म्हणून दुकानं तेवढंच मागतात. व्यापाऱ्याला वासराची कातडी काळी दिसली की पुढचं विचारावं लागत नाही. जनावर कापल्यावर त्याला एक अक्षर देतात, अंगलोट कशी आहे त्यावरून, आणि त्या अक्षरावर पैसे ठरतात. मागचा भाग भरदार तर वरचं अक्षर. आमच्या आखूड पायांच्यांना नेहमी खालचं मिळायचं. मी विचारलं, "आणि चवीला?" व्याही म्हणाले, "चवीला अक्षर नाही, डक."

ज्यांनी चाखलं ते मात्र परत यायचे. शहरातल्या एका खाटकाने तर सांगितलं, दर आठवड्याला द्या, मी पाटीवर नाव लिहून लावतो. पण दर आठवड्याला द्यायला तेवढी जनावरं कुठे होती? मागणी असती तर लोकांनी गाई वाढवल्या असत्या. गाई असत्या तर मागणी आली असती. खाटकाने काही महिने वाट बघितली आणि पाटी पुसली.

या जातीच्या गाई पाळणाऱ्यांची एक मंडळी होती. त्यांच्याकडे वंशावळीची वही असते. वासरू जन्मलं की त्याचे आईबाप बघून, अंग बघून त्यात नाव घालतात. नाव नसेल तर ते जनावर त्या जातीचं नाहीच, मग आई कुणीही असो. मंडळीची बैठक वर्षातून एकदा गावातल्या हॉलमध्ये व्हायची. खुर्च्या नेहमी जास्त मांडलेल्या असायच्या. बहुतेक जण म्हातारे. मी एकदा बटाटेवडे करून नेले. पहिल्यांदा कुणी हात लावेना, मग अध्यक्षबाईंनी एक खाल्ला आणि डबा रिकामा झाला.

त्या बैठकीत प्रश्न होता पांढऱ्या रंगाचा. या गाई अंगभर एकाच रंगाच्या असायला हव्यात असा नियम होता. कासेवर थोडं पांढरं चालायचं, पण पायावर किंवा तोंडावर असेल तर वहीत नाव नाही. गाई थोड्या राहिल्यामुळे तेच तेच रक्त फिरत होतं, आणि अधूनमधून एखादं पांढऱ्या डागाचं वासरू निघायचं. चांगली वासरं केवळ त्यासाठी बाद करायची का, असं काहीजण विचारत होते.

व्याही उभे राहून म्हणाले, "पांढरा रंग मांसात उतरत नाही. घ्या त्यांना आत."

मग जावई उठला. बापाच्या विरुद्ध. तो म्हणाला, आज पायावरचं घेतलं तर उद्या अंगावरचं घ्यावं लागेल. आपल्याकडे पैसा नाही, दुकानं नाहीत, पाकिटावर नाव नाही. आपल्याकडे फक्त हा एक रंग आहे, लांबून ओळखू येणारा. तोही सोडला तर लोक विचारतात ते खरं ठरेल, की ही आहेत काय? मला सगळे शब्द कळले नाहीत, पण खुर्च्यांतली म्हातारी माणसं पुढे वाकून ऐकायला लागली ते दिसलं. बोलणारा आपला जावई आहे याचा मला अभिमान वाटला. हात वर झाले. नियम तसाच राहिला.

गाडीत व्याही म्हणाले, "छान बोललास. चर्चमध्ये पाद्री म्हणून घेतील तुला."

"डॅड, प्लीज," मुलगी म्हणाली.

पुढच्या वसंतात आमची सगळ्यात चांगली गाय व्याली. मी कोंबड्यांना दाणे टाकायला निघाले होते. मुलगी कुरणातून ओरडली, "आई, बघ ना कसला मोठा आलाय!" गोऱ्हा होता. जन्मून तास झाला नव्हता तरी आईभोवती उड्या मारत होता. छाती रुंद, पाठ सरळ. आणि मागचा एक पाय खुरापासून वर वीतभर पांढरा, जसा काही चुन्याच्या डब्यात बुडवला होता. जावई कुंपणापाशी आला. हसला. मग त्याची नजर पायाकडे गेली. तो गेला आणि पाण्याची टाकी साफ करायला लागला. ती आदल्याच दिवशी साफ केली होती.

वहीत नाव नाही म्हणजे गोऱ्ह्याला खच्ची करून मांसासाठी वाढवायचा, अशी रीत. व्याह्यांनी करू दिलं नाही. "राहू दे," म्हणाले. "माझा समज. मला म्हाताऱ्याला खेळायला पाहिजे." जावयाने वाद घातला नाही.

गोऱ्हा वर्षाचा झाला असेल तेव्हा एक माणूस गाई बघायला येणार होता. तो ज्या कंपनीत होता ती निवडक वळूंचं रेत साठवून देशभरच्या दूधवाल्यांना विकायची. मुलीनेच त्याला आमच्या गाईंबद्दल कळवलं होतं. दुधाच्या गाईला वासरू सहज व्हावं एवढंच दूधवाल्याला हवं असतं, आणि ते वासरू मांसासाठी विकलं जावं. आमच्या जातीत तर हेच होतं. या कंपनीने एक वळू घेतला तर त्याची वासरं शेकडो गोठ्यांत जन्मतील, बाजारात दिसतील, मग कुणी विचारणार नाही की ही आहेत काय. मुलगी मला हे सांगताना माझे दोन्ही हात धरून नाचत होती. जावई दोन दिवस नीट जेवला नव्हता. सगळं आता यावरच होतं, कारण गाईंचा खर्च निघत नव्हता आणि घरात रोज त्यावरून कुजबुज चालायची.

तो माणूस सकाळी आला. वळूंची पाठ मोजली, यंत्र लावून बघितलं, प्रत्येकाला चालवून बघितलं. एकेकापुढे थांबायचा, मान हलवायचा आणि पुढे जायचा. लहान आहे म्हणायचा. मग पलीकडच्या कुंपणात व्याह्यांच्या हातून बिस्किट खात असलेल्या पांढऱ्या पायाच्या गोऱ्ह्यापाशी गेला. तिथे तो बराच वेळ राहिला. दोनदा मोजलं. वळून म्हणाला, "हा. हा मला आजच पाहिजे."

जावई म्हणाला, "तो वहीत नाही."

"का?"

जावयाने पायाकडे बोट दाखवलं.

"मग मी याला कुठल्या नावाखाली विकू?" तो माणूस म्हणाला. "नाव नसलेला वळू कुणी घेत नाही. वहीत घाला, मी गाडी पाठवतो."

व्याही म्हणाले, "त्या पायात एक लाल मोजा घालूया. कुणाला कळतंय?" तो माणूस हसला. जावई हसला नाही.

त्या दिवशी जेवताना मुलगी म्हणाली, "अध्यक्षबाईंकडे जा. विचारायला काय जातं?"

"नको म्हणून सांगणारा मीच होतो."

"सो व्हॉट? चूक झाली म्हण."

"चूक नाही झाली," तो म्हणाला. मग ताट सारून उठला. मला अजून कळत नाही की त्याला तसं खरंच वाटत होतं की ते नुसतं तोंडाने म्हणायचं होतं.

चार दिवसांनी तो अध्यक्षबाईंकडे गेला. परत आला आणि गाडीतच बसून राहिला. मी चहा घेऊन गेले. काच वर होती. मी कप धरून उभी राहिले. वाऱ्याने चहा निवला. त्याने काच खाली केली नाही, मीही वाजवली नाही. त्याला माझ्यासमोर लाज वाटत होती का, ते मला कळेना. मी परत आले आणि चहा मोरीत ओतला.

नंतर मुलीने सांगितलं. अध्यक्षबाईंनी त्याला आत घेतलं, केक दिला. त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू इतकं छान बोलला होतास. मी तुझेच शब्द सगळ्यांना सांगत आले आहे. आता तुझ्याच वळूसाठी नियम बदलला तर लोक काय म्हणतील?" तो केक संपवून आला म्हणे.

तरीही मुलीने कंपनीच्या माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणून सांगितलं. तो आला नाही. त्यांनी दुसऱ्या कुठल्याशा जातीचा वळू घेतला होता. काळा होता.

त्यानंतरच्या शरद ऋतूत गाई काढायचं ठरलं. कुणी मोठ्याने ठरवलं नाही. दाणावैरणीचं बिल आलं, जावयाने ते वाचलं आणि व्याह्यांच्या हातात दिलं. व्याह्यांनी चष्मा काढून पुसला. तेवढंच. मंडळीतल्या एकदोघांनी थोड्या कालवडी घेतल्या. बाकीच्या गाई पाळायला घेणारं कुणी नव्हतं. त्या वजनावर गेल्या, कापायला.

मी बाहेर जाणार नव्हते. पण कुंपणापर्यंत गेलेच. ट्रकची फळी खाली टेकवलेली होती. दुसरी जनावरं अशा वेळी उधळतात, काठी लागते, कुत्रं लागतं. आमच्या गाईंना काही लागलं नाही. जावई पुढे चालला आणि त्या त्याच्या मागे चालत वर गेल्या, रोज सकाळी जायच्या तशाच. मी ज्यांच्या पायांवर पाणी घातलं होतं त्यांतली एक मध्येच थांबून माझ्याकडे आली, हात हुंगला, आणि हातात काही नाही म्हणून परत वळली. पांढऱ्या पायाचा गोऱ्हाही त्याच ट्रकमध्ये गेला. व्याही तेव्हा घरात टीव्हीचा आवाज मोठा करून बसले होते. कुठला तरी स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता.

कुणाचं चुकलं, हे मी ठरवू शकत नाही. व्यापाऱ्याचं म्हणणं त्याच्या परीने बरोबर होतं, अध्यक्षबाईंचंही. दुकानात पाकीट उचलणाऱ्या बाईला तरी दोष कसा द्यायचा? घरी जाऊन मुलांना करून वाढायचं असतं, ओळखीचं नाव दिसलं की ती घेते. मीही चहाची पूड तशीच घेते. आणि जावयाला त्या गाई इतक्या आवडत होत्या की त्यांच्यात कणभर फरक त्याला सहन झाला नसता. ज्याला आवडतं त्यानेच दार लावून घ्यावं, असंही होतं.

आता कुरणात काळी जनावरं आहेत. चांगली आहेत. जरा तापट आहेत, मी कुंपणाच्या आत जात नाही. वसुबारसेला मी घरातच पाटावर तांदळाची गाय मांडते. जावई येऊन बघतो आणि टोपी काढतो.

तो मला दर बाजारानंतर थोडे थोडे पैसे देत होता. मी मुलीला कितीदा सांगितलं, नको म्हण. ती म्हणायची, "आई, घे. नाहीतर तो मोडून जाईल." म्हणून मी घेत गेले.

गेल्या महिन्यात काळी वासरं विकली गेली. हात भराभर वर गेले असणार, कारण तो लवकर परत आला. बूट दारात काढून स्वयंपाकघरात आला. मी भाकऱ्या थापत होते. मुलीने फोनवर बँकेचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. पीठ लागलेले हात मागे घेऊन मी वाकून बघितलं. आमच्या ह्यांनी ठेवले होते तेवढे सगळे पैसे पुन्हा माझ्या नावावर होते.

"आई," जावई मराठीत म्हणाला, "आता उसने नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला त्याला सांगायचं होतं, की हे परत नको होते रे, त्यापेक्षा त्या गाई राहिल्या असत्या तर. पण एवढं मोठं वाक्य मला इंग्रजीत येत नाही, आणि मुलीला सांगून त्याच्यापर्यंत पोचवावं असंही ते नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं." त्याने मान डोलावली आणि हात धुवायला गेला. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याचं ताट घेतलं. देणं सगळं फिटलं होतं.